तक्त्यातली दोन टिंबे

तक्ता अडीच पानांचा होता. उभ्या बाजूला देश, आडव्या बाजूला वर्षे, आणि प्रत्येक घरात त्या देशातल्या खासगी कंपन्यांनी इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या उत्पादनातील संशोधनावर त्या वर्षी केलेला खर्च. भाचीने तो चिखलीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणला आणि अमडापूरच्या घरी माझ्या ताटाशेजारी ठेवला. मजकूर इंग्रजीत होता. तो मराठीत टाइप करून हवा होता, आणि माझा हात टाइपिंगला बसलेला आहे हे तिला माहीत होते. वर्तमानपत्राच्या डेस्कवर माझी सत्तावीस वर्षे गेली. त्यातली बरीचशी दुसऱ्यांचे तक्ते नीट करण्यात.

भाची म्हणजे थोरल्या बहिणीची मुलगी. चिखलीच्या एका महाविद्यालयात ती तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते. जितके तास घेतले तितकेच मानधन, आणि दर वर्षी नव्याने अर्ज. पीएच.डी.ला नोंदणी व्हावी म्हणून तिने प्रवेश परीक्षा दिली होती आणि त्या निकालाची मुदत संपत आली होती. विद्यापीठाच्या समितीची एकच बैठक त्या मुदतीत बसत होती. तीत विषय मान्य झाला तर नोंदणी. नाही झाला तर परीक्षा पुन्हा, मार्गदर्शक पुन्हा शोधायचा, आणि मधली दोन-तीन वर्षे गेली. बहीण हे सगळे एका वाक्यात सांगत असे: "या खेपेले झालं तं झालं."

विषय मार्गदर्शकांनी सुचवला होता. मोबाइल आता आपल्याकडे बनतात असे सगळे म्हणतात, तर बनवणाऱ्यांपैकी शोधायला कोण किती पैसा घालतो ते देशादेशांत ताडून बघ, आणि सोबत आपल्या जिल्ह्यातला एखादा उद्योग घे. आराखड्याच्या मुखपृष्ठावर लांबलचक नाव होते: इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या उत्पादनातील खासगी संशोधनखर्च, निवडक देशांची तुलना आणि बुलढाणा जिल्ह्यातील एका उद्योगाचा अभ्यास.

मी पहिल्या दिवशी नुसते वाचले. वाचल्यावर जितके कळत होते त्यातलेही काही गेले.

त्या अडीच पानांत एकाच खर्चाचे दोन तक्ते होते. एकात प्रत्येक देशाचा पैसा बाजारातल्या विनिमय दराने डॉलरमध्ये फिरवलेला. दुसऱ्यात त्या त्या देशातल्या स्वस्ताईचा हिशेब धरून फिरवलेला. पहिल्यात भारत खाली होता, दुसऱ्यात बराच वर. दोन्ही एकाच आंतरराष्ट्रीय कचेरीने काढलेले आणि दोन्ही बरोबर.

"कसं पाहा मामा," भाचीने समजावले. "चिखलीत कटिंग-दाढी जेवढ्यात होते तेवढ्यात तिकडं कंगवा बी येत नाही. म्हणून आपल्या रुपयाले जास्त वजन देलं."

"पण संशोधन करणारा दाढी करत नाही. तो यंत्र विकत घेतो. ते तिकडूनच येतं, तिकडच्याच भावानं."

तिने पेन्सिल दातात धरली. "हाव. हे मले बी समजलं नाही."

दुसरी अडचण घरवाटणीची होती, कोणाचा खर्च तक्त्यातल्या कोणत्या घरात धरायचा याची. एखादी कंपनी फोन बनवते, पण तिचा जास्त धंदा फोन विकण्याचा असेल तर काही देश तिचे संशोधन व्यापारात धरतात आणि काही देश उत्पादनात. परदेशी कंपनीने भारतात प्रयोगशाळा उघडली तर तो खर्च भारताच्या नावावर जातो, शोध मात्र त्या कंपनीच्या नावावर. आपल्याकडच्या आकड्यांत इलेक्ट्रॉनिक आणि इलेक्ट्रिकल एकाच रकान्यात बसवलेले, म्हणजे मोबाइलची सर्किटपट्टी आणि पाणबुडी मोटार शेजारी शेजारी. तिने हे सगळे तळटीपांत लिहिले. तळटीपा वाढत गेल्या, वरचा मजकूर कमी होत गेला. डेस्कवर अशी बातमी आली असती तर मी परत पाठवली असती.

दुसऱ्या दिवशी टाइप करायला बसलो. तक्त्यातल्या काही घरांत आकडाच नव्हता, शेजारी शेजारी दोन टिंबे होती, कुठे कुठे त्यांच्यापुढे एक बारीक अक्षर. ती सगळी पाच देशांची घरे होती, ओळीच्या ओळी टिंबांच्या.

इथे डेस्कचा एक रिवाज सांगावा लागेल. बाजार समित्यांच्या आवकेचा तक्ता रोज छापायला जायचा. तूर, हरभरा, सोयाबीन, पुढे किमान भाव, कमाल भाव, आवक. समितीकडून येणाऱ्या कागदावर ज्या मालाची आवक झाली नाही त्याच्यापुढे आडवी रेघ किंवा टिंबे असत. सरकारी कागदावर त्यालाच निरंक म्हणतात. आम्ही तिथे शून्य टाकत असू. छापील तक्त्यात एकही घर रिकामे जाऊ द्यायचे नाही, हे नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात सांगितले जाई. रिकामे घर दिसले की वाचकाला वाटते आकडा पडला, आणि सकाळी फोन सुरू होतात. या रिवाजाने आमचा कधी घोटाळा झाल्याचे मला आठवत नाही.

मी पाचही ओळींत शून्ये टाकली. मजकूर सरळ रेषेत आला. काम दोन तासांत संपले.

भाचीने पुढचे लेखन त्या टाइप केलेल्या कागदावरून केले. मूळ छपाई तिने कपाटात ठेवली होती. तिच्या आराखड्याच्या शेवटी एक वाक्य आले, आणि त्याच्यावर ती खूश होती: निवडक देशांपैकी पाच देशांत या क्षेत्रातील खासगी संशोधनखर्च शून्य असून भारताचे स्थान त्यांच्या वर आहे. मार्गदर्शकांनीही त्या वाक्याखाली बरोबरची खूण केली. आठ प्रती बांधून विद्यापीठात गेल्या.

जिल्ह्यातला उद्योग शोधणे बाकी होते. बैठकीला बारा दिवस होते तेव्हा आम्ही सोनाळ्याला गेलो. अमडापूरहून एस.टी.ने घाट उतरून खामगाव, तिथून शेगाव, पुढे संग्रामपूरची गाडी, आणि शेवटचा टप्पा काळीपिवळीने. घाटाखाली उतरले की बोलण्याचा ढंग बदलतो. भाची घाटावरची, पण तिचे आजोळ-पणजोळ खालचे असल्याने तिला तो सहज जमतो. मला नोकरीच्या गावात तो विसरावा लागला होता.

सोनाळ्यात एक गृहस्थ झटका मशीन बनवतात. शेताच्या कडेने तार ओढायची, बॅटरीवर चालणारे हे यंत्र तारेत थांबून थांबून विजेचा झटका सोडते, जनावर मरत नाही पण मागे फिरते. सातपुडा जवळ असल्याने रानडुकरे आणि रोही, म्हणजे नीलगायी, पिकात उतरतात, त्यामुळे हे यंत्र त्या भागात घरोघर आहे. गृहस्थ पन्नाशीचे. आधी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करत. पत्र्याच्या दोन खोल्या, एका लांब टेबलाशी चार बाया सोल्डरिंग करत होत्या.

त्यांनी चहा सांगितला. भाचीने छापील प्रश्नावली काढली.

"मॅडम, आधी सांगा, ह्याचा टॅक्सशी काही संबंध हाय का?"

"नाही हो काका. कॉलेजचं काम हाय."

"मंग विचारा बिनधास्त."

नाव, वर्ष, कामगार, किती यंत्रे विकली, ही उत्तरे पटापट आली. मग ती मुख्य प्रश्नावर आली. संशोधनावर वर्षाला किती खर्च करता.

गृहस्थांनी बायांकडे पाहिले. "रिसर्च? ते कंपनीवाल्याइचं काम. आमी काय करतो, बिगडलं तं खोलतो. लिहा निरंक."

टेबलावरून एक बाई मान वर न करता म्हणाली, "खोलतो म्हन्ते. सोमवारी जेवाले बी उठत नाही हा मानूस."

"तू आपल्या कथिलाकडं पाह्य," ते म्हणाले.

"कथिल पाहूनच राह्यली. धूर तुमच्या डोक्यातून निघते सोमवारी."

बाया हसल्या. भाचीने सोमवारचे काय ते विचारले. त्यांनी आम्हाला मागच्या खोलीत नेले.

मागच्या भिंतीवर खुंट्या होत्या आणि प्रत्येक खुंटीला एक बंद पडलेले यंत्र. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी. यंत्र शेतातून परत आले की ते दुरुस्त करून देत नाहीत. शेतकऱ्याला तिथल्या तिथे दुसरे देतात आणि जुने खुंटीला लावतात. चिठ्ठीवर शेत, पीक आणि काय झाले ते. सोमवारी विक्री बंद ठेवून ते एकेक उघडतात. मी काही चिठ्ठ्या उतरवून घेतल्या. संत्र्याचा मळा, पाल. तूर, मुंग्या. हरभरा, पाणी नाही तरी गंज. एका चिठ्ठीवर नुसते: काही नाही, तरी बंद.

"पालीचं काय?" भाचीने विचारले.

"थंडीच्या दिवसात डबा गरम राह्यते. पाल आत घुसते, दोन पॉइंटाइच्या मंधात पाय ठेवते. ते बी खलास, मशीन बी खलास, अन् रातून डुकरं मोकळे. मंग मी छिद्रं बुजवले. तं आत ओल धरली, गंजलं. मंग छिद्रं खाली घेतले, जाळी लावली. जाळीतून मुंग्या. ह्या एका पालीनं माह्ये दोन हिवाळे खाल्ले."

"आता?"

"आता डबाच बदलला. पाल येत नाही. हे 'काही नाही, तरी बंद'वाले मातर समजून नाही राह्यले."

भाचीची पेन्सिल थांबली होती. तिने त्यांना सांगितले की हेच संशोधन आहे. बदलून दिलेली यंत्रे, सोमवारची बुडालेली विक्री, त्यांचा स्वतःचा वेळ, हे सगळे धरायला हवे. ते तयार होईनात.

"ते तं दुरुस्ती झाली, मॅडम."

"व्याख्या अशी हाय काका. जे माहीत नाही ते शोधलं तर संशोधन. जे माहीत हाय ते पुन्हा केलं तर दुरुस्ती."

त्यांनी थोडा विचार केला. "म्हन्जे पहिली पाल संशोधन, अन् दुसरी पाल दुरुस्ती?"

"तसंच म्हणावं लागन."

"अन् दुसऱ्या डब्यातली पाल पहिल्यासारखीच होती हे खोलल्याबिगर कसं समजन?"

भाचीने माझ्याकडे पाहिले. तिने प्रश्नावलीतली ती जागा तशीच सोडली.

मग त्यांनी विचारले की हे सगळे कशासाठी. भाचीने पिशवीतून बांधलेली नववी प्रत काढली, तिची स्वतःची, आणि तक्ता उघडून दिला. तिला तो दाखवायचाच होता. ते चष्मा लावून पुढच्या खोलीत टेबलापाशी उजेडात गेले.

"आपला देश कुठं?"

तिने बोट ठेवले.

"अन् हे खाली पाच शून्यवाले?"

"ते काहीच खर्च करत नाहीत."

त्यांचे बोट एका ओळीवर थांबले. उत्तर युरोपातला एक छोटा देश. त्यांनी नाव दोनदा वाचले, मग टेबलाच्या टोकाला असलेले एक जड यंत्र फिरवून त्याची पाठ आमच्याकडे केली. पडद्यावर विजेची लाट दाखवणारा स्कोप. भंगारातून आणून त्यांनी स्वतः चालू केला होता. पाठीमागच्या पट्टीवर तेच नाव होते.

"हे त्याइनं बनवलं. मी खोललेलं हाय आतून. असं काम मी जिंदगीत पाह्यलं नाही. हे बनवाले त्याइले शून्य लागलं?"

"जुनं असन," भाची म्हणाली. "हे आकडे अलीकडचे."

"असन. पन मॅडम, मीटरचा काटा हलला नाही तं आमी पहिले करंट नाही असं म्हनत नाही. पहिले पिना लागल्या का नाही ते पाह्यतो."

ते टोचून बोलले नव्हते. लगेच त्यांनी बायांना बिस्किटे आणायला सांगितले. पण भाची उठली होती. आत नेटवर्क नव्हते. ती बाहेर रस्त्यापलीकडे गेली, आणि खिडकीतून ती फोन वर धरून उभी दिसत होती. मूळ फाइल उघडायला तिला पंधरा मिनिटे लागली. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात टीपा होत्या. ते पान तिने छापले नव्हते, कारण त्यावर आकडे नव्हते. दोन टिंबे म्हणजे माहिती उपलब्ध नाही. काही ठिकाणी टिंबांपुढे एक अक्षर होते, त्याचा अर्थ माहिती आहे पण गोपनीय. एखाद्या देशात त्या क्षेत्रात एकच मोठी कंपनी असेल तर देशाचा आकडा छापणे म्हणजे त्या कंपनीचा आकडा छापणे, म्हणून झाकतात. तो छोटा देश या झाकलेल्यांपैकी होता. तिथला खर्च शून्य तर नव्हताच, बहुधा एकाच कंपनीचा असल्याने झाकलेला होता.

ती आत आली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता.

"मामा, हे शून्य कोणी टाकलं?"

"मी."

"काऊन?"

मी आवकेच्या तक्त्याचे सांगितले. निरंक, रिकामे घर, सकाळचे फोन. ती ऐकून घेत होती. सांगता सांगता माझ्या लक्षात आले की त्या पाच देशांचे काय असेल हा प्रश्न टाइप करताना मला पडलाच नव्हता.

"बाजार समितीत ते बरोबर हाय," ती म्हणाली. "पण ही बाजार समिती नाही ना, मामा."

टेबलाशी बसलेली मघाची बाई हळूच म्हणाली, "पोरगी रडन आता," पण भाची रडली नाही.

परतीच्या गाडीत तिने मार्गदर्शकांना फोन लावला. मला एकच बाजू ऐकू येत होती, पण दुसरी कळत होती. तक्ता परिशिष्टात आहे, परिशिष्ट कोणी उघडत नाही, नोंदणी होऊ दे, मग प्रबंधात दुरुस्त करता येईल. किंवा आत्ताच दुरुस्ती द्यायची, पण मग समिती म्हणू शकते की आराखडा पुन्हा लिहून पुढच्या बैठकीला आणा. पुढची बैठक तिच्या मुदतीबाहेर होती. शेवटी ते म्हणाले असावेत की तूच ठरव, कारण तिने "हो सर" म्हणून फोन ठेवला.

शेगावच्या बसस्थानकावर तिने मला विचारले, "तुमच्या पेपरात चुकीचं छापलं तर काय करत होते?"

"दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर तीन ओळी. अनवधानाने अमुक छापले गेले, ते तमुक असे वाचावे."

"लिहून द्या."

मी तिकिटाच्या मागे लिहून दिले. तिने वाचले आणि तिकीट परत केले.

"अनवधानानं नाही, मामा. तुम्ही ध्यान देऊनच टाकलं. अन् मी ध्यान देऊनच त्यावर वाक्य लिहिलं."

दुरुस्ती तिने स्वतः लिहिली. ती एका पानाची झाली. पाच ओळींतली शून्ये रद्द. शेवटचे वाक्य रद्द. त्या वाक्याच्या जागी काय लिहायचे यात चार दिवस गेले. टिंबांचे देश वगळून उरलेल्यांत भारत कितवा, हे कोणता तक्ता घ्यायचा यावर ठरत होते, आणि कोणता घ्यायचा हे तिला सांगता येत नव्हते. इलेक्ट्रिकल वेगळे काढले तर तेही बदलले असते, पण वेगळे काढायला काही साधन नव्हते. एका संध्याकाळी तिने तिसरीच मांडणी केली, दुसऱ्या दिवशी खोडली. बहिणीने ओट्याजवळून विचारले, "आपला नंबर वर हाय का खाली, एवढं एक सांगाले इतके दिवस?"

"तेच तं सांगता येऊन नाही राह्यलं, आई."

"मंग तिथं जाऊन काय सांगशील?"

"हेच."

बैठकीच्या दिवशी मी सोबत गेलो. आत जायची परवानगी फक्त उमेदवाराला होती. बाहेरच्या बाकावर बसलो. पंख्यामुळे दार उघडे ठेवले होते, त्यामुळे बरेचसे ऐकू येत होते. समितीत चार जण. अध्यक्ष वयस्क, एक प्राध्यापिका, बाकी दोघे विशेष बोलले नाहीत.

भाचीने आधी दुरुस्तीची पाने वाटली, मग बोलायला सुरुवात केली. पाने उलटल्याचा आवाज आला.

"म्हणजे निष्कर्षच गेला की," अध्यक्ष म्हणाले.

"एक वाक्य गेलं, सर."

"तेच एक वाक्य होतं. ही शून्यं आली कुठून?"

मला वाटले ती आता मामांनी टाइप केले असे सांगेल. ती म्हणाली, "मूळ तक्त्यात दोन टिंबे होती. मी टीपा वाचल्या नव्हत्या."

"आणि आता भारत कितवा?"

तिने दोन तक्त्यांचे, दाढी-कटिंगचे आणि एकत्र रकान्याचे सांगितले.

"ते झटका मशीनवाले," प्राध्यापिकांनी विचारले. "त्यांचा संशोधनखर्च?"

"रिकामा आहे, मॅडम."

"शून्य."

"नाही मॅडम. ते करतात. किती करतात ते मला अजून मोजता आलं नाही." मग तिने सोमवारचे आणि पालींचे सांगितले. समितीतल्या बाकीच्या दोघांपैकी एक हसला.

अध्यक्षांचे म्हणणे होते की जे मोजलेले नाही त्याची तुलना होत नाही, मग विषय उरतो कुठे. प्राध्यापिका म्हणाल्या की मोजलेले नाही हाच विषय आहे. अध्यक्ष म्हणाले की मग शीर्षक खोटे आहे. त्या म्हणाल्या, शीर्षक बदलता येते. हे दोघांचे चालू राहिले, भाचीच्या सादरीकरणापेक्षा जास्त वेळ. मध्ये शिपाई चहा घेऊन गेला आणि तिच्यासाठीही कप ठेवून आला, तो घ्यायचा की नाही हे तिला कळत नसावे, कारण नंतर तो भरलेलाच बाहेर आला. शेवटी अध्यक्ष म्हणाले, निर्णय कळवू.

ती बाहेर आली.

"झालं का?" मी विचारले.

"माहीत नाही."

"चांगलं बोलले का वाईट?"

"तुम्हीच तं ऐकत होते."

आम्ही दोघांनी चिखलीची गाडी येईपर्यंत उसाचा रस घेतला आणि त्या चर्चेत कोण कोणाच्या बाजूने होते हे पुन्हा लावून पाहिले. दर वेळी ते वेगळे लागले.

पत्र आठव्या दिवशी आले, तिच्या मुदतीच्या चार दिवस आधी. विषय मान्य करण्यात येत आहे. पुढे बदललेले शीर्षक होते. त्यातून तुलना हा शब्द गेला होता, देशांची यादी गेली होती, आणि त्या जागी मोजणीतील अडचणी असे आले होते. बुलढाणा जिल्ह्यातील उद्योग मात्र राहिला होता. एक महिन्यात मोजणीची पद्धत लेखी सादर करावी, अशी अट होती.

बहिणीने देवापुढे पेढे ठेवले. मार्गदर्शकांनी फोनवर अभिनंदन केले आणि पुढच्या कागदांची यादी दिली. भाचीने पत्र माझ्याकडे आणले.

"मामा, मी देश मोजाले निघाली होती. हे तं दुसरंच आलं. हे पास हाय का नापास?"

मी पत्र दोनदा वाचले. मथळा द्यायचा असता तर "विषयाला मंजुरी" हाच दिला असता, आणि त्यात काही चूक ठरली नसती. तिला मी तेवढेच सांगितले. तिने मान हलवली, पण ती पटल्याची वाटली नाही.

तिने शुल्क भरले. नोंदणी क्रमांक आला. सोनाळ्याच्या गृहस्थांना तिने फोनवर कळवले, तेव्हा त्यांनी विचारले की मग आता खर्चाच्या जागी त्यांनी काय लिहायचे. ती म्हणाली, तुम्ही काही लिहू नका, मी येऊन बसते. आता सोमवारचे तास तिने इतर वारी ओढून घेतले आहेत आणि पहाटेच्या गाडीने ती घाट उतरते. दिवसभर त्या मागच्या खोलीत बसते, घड्याळ लावून वहीत नोंदी करते आणि रात्रीच्या आत परत येते. दोन वेळा तिने वही मला दाखवली. पहिल्या पानावर वेळा होत्या, दुसऱ्या पानावर त्या खोडून दुसऱ्या वेळा. शेजारी तिने लिहिले होते: उघडताना ते माझ्याशी बोलत होते, हा वेळ धरायचा का.

मी धरू नको म्हणालो. मग धर म्हणालो. तिने वही मिटून पिशवीत टाकली आणि पुढच्या सोमवारसाठी याहून आधीची गाडी आहे का ते विचारले.